मालिका जिवापाड आवडली, पण शेवटाचा राग जात नाही: ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ संपल्यावर असं का होतं?

मुलीचं आडनाव किम आहे.

ज्यांनी ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ ही कोरियन मालिका पाहिली आहे, त्यांना एवढं एक वाक्य पुरेसं आहे. ज्यांनी पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळा शेवट उघड केलेला आहे.

तर झालं असं. 12 फेब्रुवारी 2022 ला कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि 3 एप्रिलला संपली. शनिवार-रविवार मिळून आठवड्याला दोन भाग, आठ आठवडे, एकूण सोळा भाग. नेटफ्लिक्समुळे ती भारतातही त्याच काळात दिसत होती. कोरियात शेवटच्या भागाचं रेटिंग 11 टक्क्यांच्या वर गेलं, आणि पैसे भरून बघायच्या केबल वाहिनीसाठी हा आकडा दणदणीत मानला जातो. महिन्याभरात नायिका किम ते-री हिला बेकसांग पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

म्हणजे मालिका हिट, नायिका हिट. आणि तरीही शेवटचा भाग संपल्यावर सोशल मीडियावर जे काही उसळलं त्यात अभिनंदन कमी आणि तक्रारच जास्त होती. गंमत म्हणजे तक्रार करणारे आणि ‘आयुष्यातली सगळ्यात आवडती मालिका’ असं लिहिणारे लोक बरेचदा एकच होते. आजही कुणी ही मालिका नव्याने पाहून संपवतं आणि तिथेच येऊन अडकतं. पोटात खड्डा पडलेला असतो, लेखिकेचा राग आलेला असतो, आणि कुणी विचारलं की ‘बघू का रे?’ तर उत्तर असतं, ‘बघच.’

हा घोळ नक्की कशाचा आहे?

आधी गोष्ट

साल 1998. ना ही-दो ही शाळकरी मुलगी तलवारबाजी खेळते. बेक यी-जिन तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, श्रीमंत घरातला मुलगा. वडिलांची कंपनी बुडाल्यामुळे तो एका रात्रीत रस्त्यावर आलेला आहे. पेपर टाकतो, पुस्तकं भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करतो आणि देणेकऱ्यांपासून तोंड लपवतो.

या दोघांच्या मागे उभा आहे तो कोरियाचा खरा इतिहास. नोव्हेंबर 1997 मध्ये देशाकडचं परकीय चलन इतकं आटलं की सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे म्हणजे आयएमएफकडे हात पसरावा लागला. मोठमोठे उद्योगसमूह कोसळले, लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. 1998 च्या सुरुवातीला लोकांनी रांगा लावून घरातलं सोनं देशाचं कर्ज फेडायला दिलं. लग्नाच्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या, खेळाडूंची पदकं. जवळपास 35 लाख लोक आणि सव्वादोनशे टनांच्या आसपास सोनं. कोरियन माणूस आजही त्या काळाला नुसतं ‘आयएमएफ’ म्हणतो, जसं आपल्याकडे ‘लॉकडाऊन’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

मालिकेत हे संकट बातमीसारखं येत नाही, थेट दोघांच्या घरात घुसतं. ही-दोच्या शाळेचा तलवारबाजीचा संघच पैसे नाहीत म्हणून बंद होतो. यी-जिन देणेकऱ्यांसमोर मान खाली घालून शब्द देतो की यापुढे मी सुखात राहणार नाही. हे ऐकलेली ही-दो त्याच्यावर तोडगा काढते, की आपण दोघंच असू तेव्हा, कुणाला कळू न देता, थोडा वेळ सुखी राहायचं. शाळेच्या मैदानातले नळ उलटे करून दोघं पाणी उडवतात तो प्रसंग ज्यांनी पाहिला, त्यांतले बहुतेक तिथेच कामातून गेले.

मग सुरू होतो सोबतीचा काळ. पाच जणांची टोळी, उन्हाळा, समुद्रावरची सहल, ही-दो आणि तिची प्रतिस्पर्धी को यू-रिम यांचं आधी वैर आणि मग जिवाभावाची मैत्री. यी-जिन क्रीडा पत्रकार होतो. 2000 साल उजाडतं तेव्हा ही मैत्री प्रेमात बदलते.

आणि शेवटी दोघं वेगळे होतात. ही-दोचं लग्न दुसऱ्याशीच होतं, आणि तो नवरा पडद्यावर एकदाही दिसत नाही.

पण हे तर आधीच सांगितलं होतं!

मालिका सुरू होते 2021 मध्ये, करोनाच्या मास्कच्या काळात. ही-दो आता चाळिशीतली आई आहे. तिची मुलगी बॅले सोडायचं म्हणून रुसून आजीकडे राहायला येते आणि तिला आईची जुनी डायरी सापडते. बाकीची गोष्ट ही मुलगी डायरीत वाचते तशी आपल्याला दिसते.

या मुलीचं नाव किम मिन-चे.

मराठी प्रेक्षकाला यात लगेच काही खटकत नाही. आपल्याकडे बाईचं आडनाव लग्नानंतर बदलतं, त्यामुळे आई ‘ना’ होती आणि मुलगी ‘किम’ आहे यात नवल वाटत नाही. कोरियन प्रेक्षक मात्र तिथेच सावध होतो. कोरियात बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही आणि मूल सहसा वडिलांचं आडनाव लावतं. म्हणजे ही-दो शेवटपर्यंत ‘ना’ राहणार, पण नायक ‘बेक’ असताना मुलगी ‘किम’ असेल तर बाप दुसरा कुणीतरी आहे. सरळ हिशोब.

हा हिशोब शेवट यायच्या कितीतरी आधी चाहत्यांनी केलेला होता. आणि तो चुकीचा ठरावा म्हणून जे तर्क लढवले गेले त्यांना तोड नाही. यी-जिनने पुढे नाव बदललं असेल इथपासून मुलगी दत्तक असेल इथपर्यंत. डोळ्यांसमोर उत्तर असताना लोक आठ आठवडे पळवाट शोधत होते.

या आशेलाही कारण होतं. टीव्हीएनच्याच ‘रिप्लाय’ मालिकांनी कोरियन प्रेक्षकाला एक खेळ शिकवून ठेवला होता. 2012 पासून आलेल्या या मालिकांमध्ये आजच्या काळातली बायको दाखवायची, नवरा कोण ते लपवायचं आणि भूतकाळातल्या मित्रांपैकी तो कोण हे प्रेक्षकांनी ओळखायचं. ‘रिप्लाय 1988’ च्या वेळी तर नवरा कोण यावरून लोकांचे सरळ दोन तट पडले होते. त्यामुळे नवरा लपवलेला दिसला की तो ओळखीतलाच निघणार, याची सवयच झाली होती. ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ ने नवरा लपवला, आणि तो ओळखीतला नव्हताच.

दुसरा पुरावा तर शीर्षकातच आहे. कोरियात तेव्हा वय मोजायची पद्धत वेगळी होती. बाळ जन्मतःच एक वर्षाचं मानायचं आणि 1 जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम एकाने वाढायचं. (जून 2023 पासून सरकारी कामकाजात ही पद्धत बंद झाली.) त्या हिशोबाने 1998 मध्ये ही-दो 18 आणि यी-जिन 22 वर्षांचा आहे. मग तो 25 आणि ती 21 कधी होते? 2001 मध्ये. म्हणजे ज्या वर्षी दोघांची ताटातूट होते, त्याच वर्षी. मालिकेच्या नावावरच निरोपाची तारीख लिहिलेली होती.

मग दगा झाला कुठे?

शेवटावर दोन प्रकारच्या तक्रारी होतात आणि वाद घालताना त्यांची गल्लत होते. एक तक्रार अशी की दोघं वेगळे व्हायलाच नको होते. दुसरी अशी की दोघं ज्या पद्धतीने वेगळे झाले ते पटत नाही.

पहिली तक्रार प्रेमापोटी आहे, पण टिकत नाही. ही-दोची आई शिन जे-क्यॉंग ही वृत्तनिवेदिका आहे. ही-दोचे वडील गेले तेव्हा आई बातम्या देत होती, आणि ही-दोने ते कधीच विसरलेलं नाही. मायलेकींमधली सगळी कटुता तिथून आलेली आहे. अशा मुलीच्या आयुष्यात दुसरा बातमीदार येतो. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कमध्ये हल्ला होतो, यी-जिनला तिकडे पाठवलं जातं आणि तो तिथल्या मृत्यूंच्या बातम्या देता देता आतून संपत जातो. ही-दो पुन्हा एकदा टीव्हीसमोर बसून आपल्या माणसाची वाट बघत राहते, लहानपणी बघायची तशीच. हे नातं मोडावं अशी पेरणी पहिल्या भागांपासून केलेली आहे. उलट इतकं सगळं दाखवून मग दोघांचं लग्न लावलं असतं तर तो खरा अन्याय झाला असता.

दुसऱ्या तक्रारीत मात्र दम आहे. ज्या मालिकेने दोघांना एकमेकांचा हात धरायला दहा-बारा भाग घेतले, तिने हात सोडवायला जेमतेम दोन घेतले. भेटी चुकतात, फोन चुकतात, ठरलेली सहल रद्द होते, मग रस्त्यावर कडाक्याचं भांडण, मग पश्चात्ताप, मग बसस्टॉपवर शेवटची मिठी, त्याने तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधणं. प्रसंग सगळे चांगले आहेत. पण प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा नाही. ज्याचा राग येतो तो विरह नव्हे, विरहाची घाई आहे.

त्यात ‘विसरण्याचा’ घाव वेगळाच. मुलगी डायरीत वाचलेल्या समुद्रावरच्या सहलीबद्दल आईला विचारते आणि आई सहज म्हणते की आठवत नाही. प्रेक्षकाला तो दिवस लख्ख आठवतोय, कारण त्याने तो परवाच पाहिलाय. जिच्या आयुष्यातला तो दिवस होता तिलाच आठवत नाही! ब्रेकअपपेक्षा या एका उत्तराने जास्त लोक दुखावले गेले असं म्हटलं तर चूक होणार नाही. आणि हे उत्तर किती खरं आहे! चाळिशीतल्या कुठल्याही आईला तिच्या सतराव्या वर्षातली एखादी सहल विचारून बघा.

मालिका याच्या उलट टोकाचं चित्रही दाखवते. मोठा झालेला यी-जिन कुठल्याशा खात्याचा पासवर्ड विसरलेला असतो. सुरक्षेचा प्रश्न येतो, पहिल्या प्रेमाचं नाव काय. तो ‘ना ही-दो’ टाइप करतो. काही सेकंदांचा प्रसंग आहे. ना रडारड, ना पाऊस.

पहिलं प्रेम आणि कोरिया

पहिल्या प्रेमाला कोरियन भाषेत ‘चॉत्सारांग’ म्हणतात आणि ते पूर्णत्वाला जात नाही, असं तिथे सर्रास बोललं जातं. 2012 च्या ‘आर्किटेक्चर 101’ या सिनेमानंतर अभिनेत्री सूजीला ‘देशाचं पहिलं प्रेम’ असं बिरुदच मिळालं, आणि त्या सिनेमातही पहिलं प्रेम हुकलेलंच आहे. थोडक्यात, हे दुखणं तिथे नवं नाही, ती परंपरा आहे.

प्रेक्षकांनी शेवटावर रुसणं हीसुद्धा तिथली परंपराच म्हणायला हवी. 2004 च्या ‘लव्हर्स इन पॅरिस’ ने शेवटी दाखवलं की आतापर्यंतची गोष्ट ही नायिकेने लिहिलेली पटकथा होती, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. 2010 मध्ये ‘हाय किक’ या विनोदी मालिकेचा दुसरा सीझन अपघाती मृत्यूच्या सूचनेवर संपला आणि कोरियन प्रेक्षक त्याबद्दल आजही बोटं मोडतात. विनोदी मालिका, हे पुन्हा एकदा लक्षात घ्या.

आणि नशिबाचा खेळ बघा. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ ने 2020 मध्ये दोन्ही कोरियांच्या सीमेमुळे ताटातूट झालेल्या जोडप्याला वर्षातून दोन आठवडे स्वित्झर्लंडमध्ये भेटण्याची सोय करून दिली होती. अर्धामुर्धा सुखान्त. त्या मालिकेतले ह्यून बिन आणि सन ये-जिन यांनी प्रत्यक्षात लग्न केलं ते 31 मार्च 2022 ला. ही-दो आणि यी-जिन वेगळे झाले तो शनिवार-रविवार लगेच पुढचा. एका जोडीने पडद्यावरची उणीव खऱ्या आयुष्यात भरून काढली आणि त्याच आठवड्यात दुसरी जोडी पडद्यावर मोडली.

संपल्यावर रिकामं का वाटतं?

आता शेवट बाजूला ठेवू. शेवट गोड असला तरी मालिका संपल्यावर एक पोकळी जाणवतेच. कोरियन लोक तिला ‘हुयुजंग’ म्हणतात. मूळ शब्द वैद्यकीय आहे, आजार बरा झाल्यावर मागे राहणारा त्रास. ‘मला अजून त्या मालिकेचा हुयुजंग आहे’ असं ते बोलताना सहज म्हणतात.

1956 मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी नातं जुळतं त्याला ‘पॅरासोशल’ असं नाव दिलं. तुम्ही त्यांना ओळखता, ते तुम्हाला ओळखत नाहीत. तरी नातं नातंच असतं, कारण सोबत खरी असते.

हे नातं संपतं तेव्हा काय होतं, याचाही अभ्यास झालेला आहे. 2004 मध्ये ‘फ्रेंड्स’ मालिका संपल्यावर केरन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्हाला कितपत त्रास झाला. त्यांच्या 2006 च्या लेखात दिसतं ते असं: आवडत्या पात्राशी नातं जितकं घट्ट, तितका त्रास जास्त. एकटं वाटणाऱ्यांना तो थोडा अधिक. पण खऱ्या आयुष्यातलं जवळचं नातं तुटल्यावर होतो त्यापेक्षा हा त्रास बराच सौम्य. म्हणजे रडणारी व्यक्ती येडी नाही, आणि तिला तातडीने समुपदेशनाची गरज आहे असंही नाही.

के-ड्रामाच्या बाबतीत हा निरोप जास्त टोचतो, त्याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. बहुतेक रोमँटिक मालिका सोळा भागांच्या असतात, सहसा एकाच लेखकाच्या असतात आणि दुसरा सीझन नसतो. ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ ही क्वॉन दो-उन यांची एकटीची लेखणी. सव्वा तासाच्या आसपासचा एक भाग धरला तर जवळपास वीस तासांची सोबत, आणि मग दार कायमचं बंद.

मराठी प्रेक्षकाला तर याची सवयच नाही. आपली दैनंदिन मालिका शेकडो भाग चालते. नायिका बदलते, नवरा बदलतो, घराण्यातली तिसरी पिढी लग्नाला येते, आणि एक दिवस बातमी येते की अमुक मालिका प्रेक्षकांचा निरोप घेणार, जागेवर नवी येणार. टीआरपी घसरला की आठवड्याभरात सगळ्या खलनायिका सुधारतात आणि घरात सत्यनारायण होतो. तोपर्यंत प्रेक्षकही अर्धा सुटलेला असतो, त्यामुळे दुःख वगैरे फारसं होत नाही. इथे उलट आहे. मालिका ऐन भरात असताना संपते.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये कितीतरी भारतीयांची के-ड्रामाशी पहिली गाठ पडली. त्या वर्षी भारतात के-ड्रामा पाहण्याचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा 370 टक्क्यांहून जास्त वाढलं, असं नेटफ्लिक्सनेच जाहीर केलं होतं. हे पाहणं बहुतांश एका दमात. कोरियन प्रेक्षकाने ही-दोसोबत आठ आठवडे काढले, मधले पाच दिवस तो आपल्या कामाला लागत होता. आपल्याकडे तीच मालिका शुक्रवारी रात्री सुरू होऊन रविवारी पहाटे संपते. झोप नाही, जेवण धड नाही, आणि वीस तासांची ओढ एका झटक्यात तुटलेली. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एकच मालिका काहींना एका बैठकीत, काहींना रोज एक भाग आणि काहींना आठवड्याला एक भाग अशी दाखवली. एका बैठकीत पाहणाऱ्यांना गोष्ट पुढे कमी आठवली, आणि मालिका आवडल्याचं त्यांनी इतरांपेक्षा कमी सांगितलं. ज्या मालिकेचा विषयच आठवणी पुसट होणं हा आहे, ती असं पाहावी यात एक विचित्र न्याय आहे.

दोन भाग चौदा भागांवर भारी कसे?

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक साधा प्रयोग केला. लोकांना 14 अंशांच्या गार पाण्यात हात मिनिटभर बुडवायला सांगितला. दुसऱ्यांदा तेवढंच केलं, पण मिनिट संपल्यावर हात आणखी 30 सेकंद पाण्यात ठेवायला लावला आणि तेवढ्यात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केलं. मग विचारलं, यातलं काय पुन्हा कराल? बहुतेकांनी दुसरं निवडलं. त्रास जास्त वेळ झाला तरी चालला, कारण शेवट किंचित बरा होता. अनुभव किती वेळ चालला यापेक्षा तो सगळ्यात तीव्र कधी होता आणि संपला कसा, हेच मनात राहतं.

गार पाणी म्हणजे के-ड्रामा नव्हे, हे मान्य. पण शेवटावर चिडलेल्या चाहत्याचं भांडण याच ठिकाणी आहे. चौदा भागांचं सुख खरं होतं. समुद्र होता, नळाचं पाणी होतं, माद्रिदच्या अंतिम सामन्यानंतर रडत एकमेकींना मिठी मारणाऱ्या ही-दो आणि यू-रिम होत्या. पण आठवण काढायला गेलं की आधी बसस्टॉप समोर येतो. लेखिकेने आपला उन्हाळा खराब केला असं वाटतं ते त्यामुळे.

रागाच्या भरात एक गोष्ट सुटून जाते. या मालिकेत दुसरी एक प्रेमकथा आहे आणि ती नीट पार पडते. यू-रिम आणि ही-दो. ज्या मुलीला ही-दो लहानपणापासून देव मानायची ती तिच्याशी तुसडेपणाने वागते. चॅटवर मात्र त्याच दोघी एकमेकींची ओळख नसताना जिवलग असतात. मग मैत्री होते, आणि घरची देणी फेडायला यू-रिम रशियाकडून खेळायला जाते तेव्हा सगळा देश तिला गद्दार ठरवतो. ही-दो मात्र तिला सोडत नाही. ती मैत्री पुढे कायम राहते. यू-रिमला तिचा ज्यी-उंगही मिळतो. सगळ्यांच्या नजरा यी-जिनवर होत्या म्हणून या सुखान्ताची मोजदादच झाली नाही.

चाहते मग काय करतात? काही जण चौदाव्या भागावर थांबायचं ठरवतात आणि मित्रांनाही तोच सल्ला देतात. काही जण दोघांचं लग्न लावून देणाऱ्या गोष्टी स्वतः लिहितात. काही जण कोरियाला गेले की जॉन्जू शहरात हानब्योक बोगद्यापाशी जाऊन फोटो काढतात. जपानी राजवटीत बांधलेला हा जुना रेल्वे बोगदा, मालिकेत तो पुन्हा पुन्हा येतो, आणि शेवटही तिथेच होतो. हरवलेली डायरी कित्येक वर्षांनी हाती आल्यावर मोठी ही-दो त्या बोगद्यात परत येते, आणि पुढे दिसतात ती तरुणपणीची दोघं.

आणि बरेच जण सरळ पहिला भाग पुन्हा लावतात. या वेळी मास्क घातलेली चाळिशीतली ही-दो दिसली की पुढे ढकलावंसं वाटत नाही. मिन-चे आजीच्या घरी खोलीतला पसारा उपसते, डायरी उघडते, आणि तिला अजून काहीच माहीत नसतं.